मागून येणारी गाडी

"मी एसटीनं जाते," गार्गी म्हणाली. खांद्यावर बॅग घेऊन ती दारातच थांबली होती.

"गाडी काढलीय बाहेर," जयवंत अंगणातून म्हणाले. "चला, चढा दोघी."

"पप्पा, मला नाशिकला हॉस्टेलवर जायचंय. लडाखला नाही."

"चढ म्हटलं ना."

लोकांच्या घरी 'बसा गाडीत' म्हणतात. आमच्याकडे 'चढा' म्हणायचे. डिझेलवर चालणारी, सात जणांची ती दांडगी गाडी मुळातच उंच होती आणि जयवंतांनी ती आणखी उंच करून घेतली होती. आधी त्यांनी मोठे टायर बसवले. टायर वळताना आत घासायला लागले, म्हणून सस्पेन्शन बदलून गाडी वर उचलली. वर उचलल्यावर चढता येईना, म्हणून लोखंडी पायऱ्या लावल्या. पुढे जाड लोखंडाचा बंपर आला, बंपरवर गाडी चिखलातून ओढून काढायचं विंच आलं, टपावर कॅरियर आणि दिव्यांची रांग आली. एक केलं की त्याच्यापायी दुसरं करावं लागायचं. इतकं वजन ओढून पुढच्या चाकांचे बेअरिंग सारखे जायचे. दर रविवारी जयवंत गाडीखाली आडवे पडलेले असायचे, आणि मी त्यांच्या बनियनवरचे ग्रीसचे डाग घासत बसायचे. डाग जायचे नाहीत.

संगमनेरात आमचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं आणि मी शाळेत गणित शिकवत होते. गाडी दुकानात जायची, लग्नाकार्याला जायची, कधी शिर्डीला. डोंगरात ती दोनदा गेली असेल. मी विचारायचे, "अहो, हे सगळं कशासाठी?" ते म्हणायचे, "गाडी मजबूत पाहिजे." पुन्हा विचारलं तरी तेवढंच. पुढे मी विचारणं सोडलं. भांडायला अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

गार्गीला त्यांनी स्कूटर घेऊ दिली नव्हती. मैत्रिणींच्या गाडीवर मागे बसायला बंदी होती. कॉलेजला नाशिकला गेली, तरी दर वेळी न्यायला आणि सोडायला हेच. पोरगी एकोणीस वर्षांची झाली होती आणि हॉस्टेलच्या मुली तिला 'रणगाडेवाली' म्हणायच्या.

त्या दिवशीही ती तोंड फुगवून मागे बसली. मी पुढे बसले. मांडीवर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेतला होता. जाता-येता चार-पाच तपासून होतील, असा विचार होता.

दिवाळी होऊन गेली होती. हायवेच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या लागणी चालल्या होत्या. गार्गी मागून म्हणाली, "पप्पा, खरं सांगा, एसटीत काय वाईट असतं?"

"एसटी वाईट नाही. रस्ता वाईट आहे."

"मग सगळे मरतात का?"

"गार्गी," मी म्हटलं.

"नाही, मला उत्तर पाहिजे. मी नोकरीला लागले तरी हे मला सोडायला येणार का? लग्न झाल्यावर?"

आरशात जयवंतांचा चेहरा मला दिसत होता. ते चिडलेले वाटत नव्हते. दमलेले वाटत होते. मला वाटलं, या घरात आम्ही तिघंही एकाच गोष्टीनं दमलोय आणि ती गोष्ट कोणती, ते कोणीच बोलत नाही.

नांदूर शिंगोट्याच्या अलीकडे आमच्यापुढे एक छोटी पांढरी गाडी चालली होती. जुनी होती, पण धुऊन पुसून स्वच्छ ठेवलेली. मागच्या काचेतून हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेली एक म्हातारी दिसत होती. तेवढ्यात डावीकडच्या शेतातून धनगरांच्या मेंढ्या एकदम रस्त्यावर आल्या. पांढऱ्या गाडीनं ब्रेक मारला.

जयवंतांनीही मारला. त्यांचा पाय पुरता दाबलेला मी पाहिला. पण आमची गाडी थांबेना. टायर ओरडले, नाक खाली गेलं, आणि तरी ती पुढे जातच राहिली. पुढची पांढरी गाडी मला दिसेनाशी झाली. बॉनेटच्या पलीकडे नुसतं आभाळ होतं आणि लांब पळणाऱ्या मेंढ्या.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचा डबा पायाखाली यावा, तसा झाला. मला पट्ट्याचा हिसका बसला, पेपर सगळे पायात सांडले. बस, तेवढंच. आम्हा तिघांना खरचटलंसुद्धा नाही.

मी खाली उतरले. पांढऱ्या गाडीची डिकी आत जाऊन मागच्या सीटला भिडली होती. आमच्या बंपरवर पोचा नव्हता. फक्त पांढरा रंग लागला होता.

गार्गी माझ्याआधी धावली. तिनं आणि एका धनगरानं मागचं दार ओढायला सुरुवात केली. ते वाकलं होतं, उघडेना. आतून म्हातारी बारीक आवाजात सारखं "आई गं, आई गं" म्हणत होती. पुढच्या सीटवरून एक बाई रडत उतरली. गाडी चालवणारा मान धरून बाहेर आला. पस्तिशीचा असेल, अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. आत डोकावून त्यानं आईकडे पाहिलं, मग वळून आमच्या गाडीकडे.

जयवंत उतरले होते. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. गाडीपासून दोन पावलांवर ते बाटली घेऊन उभे होते. दार ओढायला येत नव्हते, काही बोलत नव्हते.

"अहो!" मी ओरडले. "इकडे या ना! हात लावा!"

ते आले नाहीत.

तो निळ्या शर्टाचा माणूस त्यांच्यावर धावून गेला. "डोळे फुटले का तुझे?" असं म्हणत त्यानं जयवंतांच्या कानाखाली मारली. बाटली पडली. त्यानं दुसरी मारली. जयवंतांनी हात वर केला नाही, तोंडही फिरवलं नाही. मी मध्ये गेले, तेव्हा तो माणूसच रडायला लागला.

"माझी आई आहे आत," तो मला म्हणाला, जणू मला ते कळलं नव्हतं.

शेवटी धनगरांनी पहारीनं दार उचकटलं. म्हातारीला हलवायचं की नाही यावर सगळे वेगवेगळं सांगत होते. गार्गीनं तिचा हात हातात धरला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथेच उकिडवी बसून राहिली. म्हातारीनं तिला नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाली, "पोरी, माझ्या पायाला काय झालं, तुला दिसतंय का?" गार्गी म्हणाली, "काही नाही आजी, सगळं ठीक आहे." पाय ठीक नव्हता, तो भलतीकडेच वळला होता.

म्हातारीचं नाव गयाबाई सांगळे. मुलगा भास्कर, सून मंगल. सिन्नरच्या दवाखान्यात नेल्यावर कळलं की खुब्याचं हाड मोडलंय आणि दोन बरगड्या गेल्यात. ऑपरेशन करावं लागणार होतं. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. वयाचा विचार करता चालेल का, ते आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.

पोलिसांनी जबाब घेतला, गुन्हा नोंदला. गाडी ठाण्यात लावली. दुपार उलटून गेली होती. गार्गी आत मंगलजवळ बसली होती. जयवंत कुठे दिसेनात म्हणून मी बाहेर आले, तर ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते. एक गाल अजून लाल होता.

मी शेजारी बसले. मला राग आला होता. अपघात कोणाकडूनही होतो, पण असं नुसतं उभं राहायचं? मी तेच बोलले.

"तुम्ही पुढे का आला नाहीत? पोर एकटी दार ओढत होती."

ते म्हणाले, "विलासभाऊंचं तुला काय सांगितलंय घरच्यांनी?"

त्यांचे थोरले भाऊ आमच्या लग्नाआधी अपघातात गेले, एवढंच मला माहीत होतं. सासरी त्यावर कोणी बोलायचं नाही आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी तसं म्हटलं.

"मी होतो गाडीत," जयवंत म्हणाले. "मंचरहून येत होतो आम्ही. भाऊंनी नवीन गाडी घेतली होती, छोटीच. ते चालवत होते. पुढे ट्रॅक्टर आडवा आला म्हणून त्यांनी ब्रेक मारला, आणि मागून ट्रक आला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या औषधांच्या दुकानाकडे बघत होते.

"मी बाहेर पडलो. मला काही लागलं नव्हतं. भाऊ आतच होते. आणि तो ट्रकवाला खाली उतरला. हातात पाण्याची कॅन. आणि नुसता उभा राहिला, नलू. मी ओरडतोय, दार ओढतोय, आणि हा बाबा कॅन घेऊन उभा. मला वाटलं, माणूस आहे की कोण आहे हा? मग मी त्याला मारलं. आधी हातानं, मग दगडानं. लोकांनी ओढून बाजूला केलं मला. त्यानं हात वर केला नाही. मला तेव्हा वाटलं, याला काही वाटतच नाहीये. एवढी वर्षं मला तेच वाटत होतं."

आतून स्ट्रेचर ढकलल्याचा आवाज आला. ते थांबले.

"अशा वेळी पाय उचलत नाहीत," मग ते म्हणाले. "मला जायचं होतं. पायच उचलत नव्हते."

मी त्यांचा हात धरला नाही. आज वाटतं, धरायला हवा होता. मी फक्त विचारलं, "म्हणून ही गाडी?"

"मागून कोणी येऊन आदळलं, तर आपल्या माणसांना काही होऊ नये. तेवढंच बघत आलो. जेवढी जड करता येईल तेवढी केली." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मागून येणारे आपणच असू, हे कधी डोक्यातच आलं नाही."

सरकारी तपासणीत ब्रेक ठीक निघाले. गाडीच जड होती.

त्यानंतर जयवंत रोज दुकान लवकर बंद करून सिन्नरला जायला लागले. जाताना एसटीनं जायचे. भास्कर त्यांच्याशी बोलत नसे. ते आले की तो उठून बाहेर जायचा. हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, औषधं आणायची असली तर आणून द्यायचे आणि परत यायचे. एकदा मी बरोबर गेले होते. गयाबाईंची गुंगी उतरली होती. त्यांनी मान वळवून विचारलं, "हा कोण रे रोज येतो?"

"यानंच गाडी मारली," दाराकडे निघालेला भास्कर म्हणाला.

गयाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. "मग आता काय बघायला येतो? मी जगते का मरते?"

"हो," जयवंत म्हणाले. दुसरं काही बोलावं हे त्यांना सुचलंच नसावं.

मी शरमेनं खाली पाहिलं. पण म्हातारीच्या तोंडातून हसण्यासारखा आवाज आला आणि लगेच बरगडी दुखली म्हणून तिनं तोंड वाकडं केलं. "बस मग," ती म्हणाली. "इतक्यात काही मरत नाही मी."

गार्गी पुढच्या खेपेला एसटीनं गेली. जयवंत स्टँडवर तिची बॅग घेऊन गेले आणि खिडकीतून तिच्या हातात दिली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. गार्गीनं रात्री मला फोन केला, तेव्हा ती पोचल्याचं सांगून एकदम रडायला लागली. "मम्मी, मी दर वेळी त्यांना टोमणे मारले गं," म्हणाली. मी म्हटलं, तुला काय माहीत होतं? मला तरी काय माहीत होतं?

ठाण्यातून सोडवल्यावर गाडी सरळ फिरोजच्या गॅरेजमध्ये गेली. नाशिकच्या या फिरोजनंच ती सगळी सजवली होती. सगळं काढून कंपनीतून आली तशी कर, असं जयवंतांनी सांगितल्यावर त्याला ते खरं वाटेना.

"भाऊ, एवढा माल कुठे मिळत नाही आता," तो म्हणाला. "एका अपघातानं घाबरलात? चूक तर मेंढ्यांची होती."

"काढ," जयवंत म्हणाले.

मी तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. विंच निघालं, बंपर निघाला, कॅरियर उतरला. टायर काढले, तेव्हा गाडी जॅकवर लंगडी दिसत होती. स्प्रिंग उतरवताना एक नट गंजून अडकला होता, तो गॅसनं तापवून तोडावा लागला. सगळं जमिनीवर मांडलं, तेव्हा त्या सामानानं गॅरेजचा अर्धा भाग अडवला. माझ्या कितीतरी रविवारांचं लोखंड होतं ते. ते जावं असं मला किती वर्षं वाटत होतं. मग आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. घरी जाऊन झोपावं, एवढंच वाटलं. पुढे ती गाडी जयवंतांनी विकली. घेणाऱ्यानं विचारलं, "चांगली जपलेली दिसते, लांब नेली नाही का कधी?" जयवंत म्हणाले, "नाही नेली."

कोर्टात केस उभी राहिली, तेव्हा त्यांनी गुन्हा कबूल केला. वकील वैतागले, पण यांनी ऐकलं नाही.

त्याआधीच गयाबाई घरी आल्या होत्या. त्यांना वॉकर धरून चालायला शिकायचं होतं आणि त्यासाठी दर आठवड्याला सिन्नरला दवाखान्यात न्यावं लागायचं. भास्करची मान अजून पट्ट्यात होती. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला मनाई केली होती. कंपनीतली रजाही संपली होती. मंगलला गाडी येत नव्हती. रिक्षाचे धक्के म्हातारीला सोसत नव्हते. हे सगळं जयवंतांना मंगलनं फोनवर सांगितलं, भास्करला न विचारता.

त्यांची पांढरी गाडी दुरुस्त होऊन आली होती. मागचा सगळा पत्रा नवा, त्यामुळे मागून एक रंग आणि पुढून एक. आम्ही एसटीनं त्यांच्या दारात पोचलो. भास्कर ओट्यावर उभा होता. किल्ली काढून त्यानं जयवंतांच्या पुढ्यात धरली आणि आत निघून गेला.

जयवंतांनी लग्नानंतर कधी छोट्या गाडीत पाऊल ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. पाहुण्यांच्या गाडीतसुद्धा नाही, काहीतरी कारण काढायचे. त्या दिवशी ते दार उघडून उभे राहिले. मग वाकले, आत बसले. सीट मागे सरकत नव्हती, गुडघे स्टिअरिंगला लागत होते. गयाबाईंना आम्ही पुढच्या सीटवर बसवलं, कारण तिथे पाय लांब करता येत होता. मी मागे बसले, जिथे त्या दिवशी त्या बसल्या होत्या.

"येते ना चालवायला?" गयाबाईंनी विचारलं.

"येते."

"मग चल. हळू चल. मला कुठं नांगर धरायला जायचंय?"

हायवेला लागलो. बाजूनं मोठी वाहनं गेली की ती गाडी वाऱ्यानं हलायची. जयवंतांच्या मानेवर घाम आला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर असे आवळलेले, की बोटं पांढरी पडली होती. मी म्हणाले, "थांबायचं का जरा?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

सिन्नरच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. एकाच बाजूनं वाहनं सोडत होते. पुढची रांग थांबली तसे आम्हीही थांबलो. मागून एक ट्रक आला. आधी मला त्याचा आवाज ऐकू आला. जयवंतांनी आरशात पाहिलं आणि त्यांचे खांदे वर आले. मी मागे वळून पाहिलं, तर काचेत ट्रकची नुसती जाळी दिसत होती, आणि ती मोठी मोठी होत होती. हवेचा मोठा फुसकारा झाला. ट्रक थांबला.

मग जयवंतांनी खिडकीची काच खाली केली, बाहेर डोकावून मागे वळले आणि वर बघत हात केला. मी काचेशी वाकून वर पाहिलं, तर ड्रायव्हर तरुण होता, डोक्याला पंचा बांधलेला. तो गोंधळला. हा कशासाठी हात करतोय, त्याला कळेना. मग त्यानंही हात वर केला.

"कोण रे?" गयाबाई म्हणाल्या. "ओळखीचा होता का?"

पुढची रांग सुटली होती. जयवंतांनी गिअर टाकला.

"हो," ते म्हणाले.